क्योतोच्या दक्षिण कडेची देवस्थानं: दिवस कसा लावायचा

क्योतोत दोन दिवस गर्दीतून फिरल्यावर तिसऱ्या दिवशी शहराबाहेर जावंसं वाटतंच. उत्तरेला ओहारा आणि ताकाओ आहेत. दोन्ही ठिकाणं देखणी, पण तिथे बसने जावं लागतं, आणि शरद ऋतूत त्या बसमध्ये उभं राहायलाही जागा मिळत नाही. दक्षिणेला मात्र रेल्वे आहे. जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, नारा लाइनवर इनारी, रोकुजिझो, ओबाकु आणि उजी ही स्टेशनं एकामागून एक येतात, आणि या चार स्टेशनांच्या आसपास इसवी सन ७११ पासून १६६१ पर्यंतचा साडेनऊशे वर्षांचा इतिहास उभा आहे. हा लेख या दक्षिण पट्ट्याबद्दल आहे.

आधी नावं वाचायला शिका, कारण दिवसाचं वेळापत्रक त्यांच्यावरच ठरतं. नावाच्या शेवटी ‘जी’, ‘देरा’ किंवा ‘इन’ असेल तर ते बौद्ध मंदिर. ‘जिन्जा’, ‘ताइशा’ किंवा ‘जिंगू’ असेल तर ते शिंतो देवस्थान. नकाशावर मंदिराची खूण चक्क स्वस्तिक असते, फक्त आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेने वळलेलं. जिन्जाची खूण म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया, अर्थात तोरी. हा भेद आज जितका स्वच्छ दिसतो तितका तो पूर्वी नव्हता. १८६८ मध्ये मेइजी सरकारने दोन्ही वेगळे करायचे हुकूम काढले. त्याआधी कित्येक शतकं एकाच आवारात बुद्धही असे आणि कामी, म्हणजे शिंतो देवही.

आता वेळापत्रक. मंदिरं साधारण नऊला उघडतात आणि पाचला बंद होतात, हिवाळ्यात साडेचारलाच. तिकिटाची खिडकी त्याच्या अर्धा तास आधी बंद होते. मोठ्या जिन्जांना मात्र बहुधा दारच नसतं. म्हणजे पहाट आणि संध्याकाळ जिन्जाला द्यायची, मधला वेळ मंदिरांना. बहुतेकांचा दिवस इथेच फसतो: दहा वाजता, गर्दी ऐन भरात असताना फुशिमी इनारीला पोचतात, तिथे दुपार करतात आणि चार वाजता दाइगो-जी मंदिराच्या बंद होत आलेल्या खिडकीशी धापा टाकत येतात.

फुशिमी इनारी ताइशा चोवीस तास उघडं असतं आणि प्रवेश फुकट आहे. क्योतो स्टेशनहून जेआर इनारी हे दुसरंच स्टेशन, पाच मिनिटांचं अंतर. पण गाडी लोकल हवी. ‘मियाकोजी’ रॅपिड इनारीला थांबत नाही, आणि उजीला जाणारी म्हणून घाईत तीच पकडली जाते. सकाळी साडेसहा-सातला उतरलात तर समोरची मोठी तोरी आणि मागचा रोमोन दरवाजा जवळजवळ रिकामा मिळतो. हा दरवाजा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८९ मध्ये दिला. मागचं मुख्य देऊळ ओनिन यादवी युद्धात, १४६८ मध्ये, जळलं. आजचं १४९९ चं.

दाराशी दोन कोल्हे बसलेले दिसतात. कोल्हा हा देव नव्हे. तो इनारीचा निरोप्या. इनारी मुळात भाताचा देव, पुढे व्यापाराचाही झाला. कोल्ह्यांच्या तोंडात काय आहे ते बघत चला: कुणाच्या किल्ली, कुणाच्या भाताची लोंबी, कुणाच्या गुंडाळी, कुणाच्या रत्न. किल्ली धान्याच्या कोठाराची.

आत शिरताना तोरीशी थोडं झुकायचं आणि वाटेच्या मधोमध न चालता कडेने जायचं. मधली वाट देवाची मानतात. मग तेमिझु, हातपाय धुण्यासारखंच, फक्त पाय वगळून. लांब दांड्याचं ओगराळं उजव्या हातात घेऊन एकदाच भरायचं. त्यातलं थोडं पाणी डाव्या हातावर, मग हात बदलून उजव्यावर. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यात थोडं पाणी घ्यायचं आणि त्याने चूळ भरायची. चूळ कडेच्या चरात टाकायची, हौदात नव्हे. डावा हात पुन्हा धुवायचा. शेवटी ओगराळं उभं धरायचं, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून दांडा धुतला जातो. एका भरलेल्या ओगराळ्यात हे सगळं बसवायचं असतं. पहिल्याच हाताला अर्धं पाणी ओतलं की दांड्यापर्यंत काही उरत नाही. ओगराळं तोंडाला लावायचं नाही, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको; वरून पाणी पिणाऱ्यांना ते जमतंच. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी ओगराळी उचलली गेली आणि बांबूतून वाहतं पाणी आलं. तिथे नुसते हात धुतले तरी चालतं.

देवासमोर पेटीत नाणं हळूच सोडायचं, दोनदा खोल वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून मनातलं बोलायचं आणि पुन्हा एकदा वाकायचं. पाच येनचं नाणं शुभ मानतात, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि ‘गो-एन’ म्हणजे ऋणानुबंधही. टाळ्या फक्त जिन्जात. बौद्ध मंदिरात टाळी वाजवली की आजूबाजूचे लोक काही म्हणत नाहीत, पण बघतात. तिथे आपला साधा नमस्कार पुरतो.

देवळामागून सेम्बोन तोरी, म्हणजे हजार तोरींचा बोगदा, सुरू होतो. थोड्या अंतरावर त्याचे दोन समांतर बोगदे होतात. चढताना लाकूड कोरं दिसतं. मागे वळून बघा, किंवा उतरताना लक्ष द्या: प्रत्येक खांबाच्या पाठीवर काळी अक्षरं आहेत. देणाऱ्याचं नाव किंवा कंपनी, आणि तोरी उभी केल्याचा महिना-वर्ष. तारखा बघितल्या की कळतं, बोगदा ‘प्राचीन’ असला तरी त्यातली बरीचशी लाकडं गेल्या काही दशकांतली आहेत. खांब जमिनीच्या पातळीला कुजतात, कारण पाणी तिथे साचतं. कुजलेली तोरी काढून त्या जागी नवी येते, म्हणून खांबांचे बुंधे काळे रंगवलेले किंवा गुंडाळलेले दिसतात आणि शेंदरी रंगाच्या छटाही एकसारख्या नसतात. या शेंदरी रंगात पूर्वी पाऱ्याचं हिंगूळ असायचं. तो रंग शुभ होताच, शिवाय लाकूडही टिकवायचा.

बोगदा संपतो तिथे ओकुशा, म्हणजे आतलं देऊळ. मागे दोन दगडी दिवे आहेत, त्यांच्या माथ्यावरचे गोल दगड म्हणजे ‘ओमोकारु-इशी’. इच्छा मनात धरून दगड उचलायचा: वाटला होता त्यापेक्षा हलका लागला तर काम होईल, जड लागला तर वेळ लागेल. निम्म्याहून जास्त लोक इथूनच परत फिरतात, आणि खरी इनारी इथून पुढे सुरू होते. डोंगर जेमतेम २३३ मीटरचा, पूर्ण फेरी सुमारे ४ किलोमीटर, वेळ दोन ते तीन तास. वाट जवळजवळ सगळी दगडी पायऱ्यांची. योत्सुत्सुजी या चौकात क्योतो शहर खाली पसरलेलं दिसतं. देखावा हवा असेल तर तो इथेच आहे. माथ्यावरून काहीच दिसत नाही, झाडीच आहे. चौकातून उजवीकडची वाट तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या शिखराला क्रमाने नेते, डावीकडून तुम्ही डोळ्यांच्या देवाकडून, गानरिकी-शाकडून, वर येता. दोन्ही वाटा माथ्यावर मिळतात. वाटेत हजारो ‘ओत्सुका’ दिसतात, लोकांनी स्वतः मांडलेले देवाच्या नावाचे दगड, प्रत्येकासमोर वीतभर उंचीच्या तोरींची रास. कुणी बांधकामाचा आराखडा काढलेला नाही, आणि मला तरी बोगद्यापेक्षा हा गोंधळ जास्त बघण्यासारखा वाटतो. पाणी खालूनच घेऊन निघा. वरच्या मशिनींत तीच बाटली चढणीगणिक महाग होत जाते.

नऊच्या सुमारास खाली आलात की इनारीहून पुन्हा लोकल पकडून रोकुजिझो, तिथून भुयारी रेल्वेची तोझाइ लाइन, दुसरं स्टेशन दाइगो. स्टेशनपासून मंदिर दहा-पंधरा मिनिटं पायी.

दाइगो-जी हे ८७४ मध्ये शोबो या भिक्षूने स्थापलेलं शिंगोन पंथाचं मंदिर. नावाची गंमत मराठी माणसाला लगेच कळेल. बौद्ध ग्रंथांत दुधाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: दूध, दही, लोणी, तूप आणि शेवटी तुपावरचा सर्वांत शुद्ध अंश. त्या शेवटच्या अवस्थेला चिनी-जपानीत ‘दाइगो’ म्हणतात. डोंगरावर एक म्हातारा झऱ्याचं पाणी प्यायला आणि ‘वा, दाइगोची चव!’ म्हणाला, म्हणून शोबोने तिथेच मंदिर बांधलं, अशी कथा आहे. तो झरा वर अजून आहे.

खाली तिकीट घेऊन सांबोइन आणि गारान ही दोन आवारं बघायची. तिकीट एरवी १००० येन, चेरीच्या दिवसांत १५०० येन. सांबोइनची बाग हिदेयोशीने १५९८ च्या प्रसिद्ध फुलोत्सवासाठी आखली. त्या उत्सवासाठी सुमारे ७०० चेरीची झाडं आणून लावली असं सांगतात. त्यानंतर काही महिन्यांतच तो वारला. बाग व्हरांड्यात बसून बघायची, आत उतरायचं नसतं. गारानमध्ये पाच मजली पॅगोडा: ९५१ मध्ये पूर्ण झालेला, क्योतोतली सर्वांत जुनी वास्तू. ओनिन युद्धात खालचं आवार जळालं, तेव्हा हा एकटा वाचला. उंची ३८ मीटर, त्यातला वरचा सुमारे तृतीयांश भाग नुसता धातूचा कळस. जवळून मान वर करून बघू नका. छपरांचं प्रमाण कळायला थोडं लांब उभं राहावं लागतं. समोरचं कोंदो, म्हणजे मुख्य देऊळ, हे मूळचं इथलं नाहीच. हिदेयोशीच्या हुकुमाने ते किई प्रांतातल्या युआसाहून सुटं करून आणलं आणि १६०० मध्ये उभं केलं. लाकडी खाचा-कुसवांच्या बांधणीत हे शक्य होतं.

मागे तळ्याकाठी बेंतेन-दो, लाल पूल आणि मॅपल. पोस्टकार्डावर दिसतं ते हेच. ही बेंतेन म्हणजे बेंझाइतेन, आपली सरस्वती. वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं आणि पाण्याशी नातं राहिलं, म्हणून तिची देवळं तळ्यात किंवा बेटावर असतात. या मंदिरांत अशी ओळखीची माणसं बरीच भेटतात: ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोनतेन ब्रह्मदेव, एन्मा यम, बिशामोनतेन वैश्रवण म्हणजे कुबेर. शिंगोनमध्ये तर होमही आहे, नाव ‘गोमा’.

वरचं दाइगो, कामि-दाइगो, ही वेगळी चढण. तिकीटही वेगळं, ६०० येन. पायथ्याशी न्योनिन-दो आहे. पूर्वी बायकांना वर जायची बंदी होती, त्या इथूनच हात जोडत. इथून वर तासभर दमदार चढण. वर ११२१ सालचं याकुशी-दो हे देऊळ उभं आहे. जुंतेइ-दो मात्र २००८ मध्ये वीज पडून जळालं. दुपारी तीननंतर, हिवाळ्यात दोननंतर, वर सोडत नाहीत. सकाळी इनारीचा माथा गाठला असेल तर त्याच दिवशी कामि-दाइगो करू नका. कागदावर जमतं, पण उतरणीच्या ओल्या पायऱ्यांवर गुडघे बोलू लागतात. दोन्ही हवं असेल तर इनारी ओकुशापर्यंतच ठेवा.

दुसरा दिवस उजीला. क्योतोहून रॅपिडने १७ मिनिटं, लोकलने साधारण दहा मिनिटं जास्त, भाडं २४० येन. इथे ब्योदो-इन या मंदिराला सगळ्यात आधी, उघडतानाच जायचं, आणि त्याला गर्दीपलीकडचं एक कारण आहे. अमिदा बुद्धाचा स्वर्ग, सुखावती, पश्चिमेला, म्हणून होओ-दो, म्हणजे इथली मुख्य वास्तू, पूर्वेकडे तोंड करून बांधलंय; तळ्याच्या अलीकडे उभं राहणारा पश्चिमेकडे बघतो. त्यामुळे सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर आणि पाण्यात पडतं. दुपारनंतर इमारत उन्हाच्या विरुद्ध येते आणि फोटोत काळी पडते.

आत शिरल्यावर आधी फोटो काढत बसू नका. उजव्या-डाव्या कुठल्याही मोहात न पडता होओ-दोच्या आत जायच्या तिकिटाच्या रांगेत लागा. बागेचं तिकीट ७०० येन, आत जायचे वरती ३०० येन. दर वीस मिनिटांनी पन्नास जण सोडतात, वेळ चिठ्ठीवर लिहून मिळते, आगाऊ मिळत नाही. गर्दीच्या दिवसांत दिवसभराच्या चिठ्ठ्या सकाळीच संपतात. आपली वेळ होईपर्यंत संग्रहालय बघून घ्यायचं.

ही जागा आधी फुजिवारा नो मिचिनागा या बलाढ्य दरबाऱ्याचा बंगला होती. त्याच्या मुलाने, योरिमिचीने, १०५२ मध्ये तिचं मंदिर केलं. त्या वर्षी धर्माचा ऱ्हासकाळ सुरू होतो असा तेव्हा समज होता. होओ-दो त्याच्या पुढच्या वर्षीचं. आतली अमिदाची मूर्ती शिल्पकार जोचोची. सलग ओंडक्यातून कोरलेली मूर्ती लाकूड वाळताना तडकते, म्हणून वेगवेगळे लाकडी तुकडे आतून पोकळ करून जोडायची ‘योसेगी’ पद्धत त्याने पूर्णत्वाला नेली. शिवाय एकाच वेळी अनेक कारागीर कामाला लागू शकत. भिंतींवर ढगांवर बसून वाद्यं वाजवणारे छोटे बोधिसत्त्व आहेत, एकूण ५२. आत ते उंचावर आणि अंधारात असतात. त्यातले २६ संग्रहालयात डोळ्यांच्या पातळीवर ठेवलेत, तिथे प्रत्येकाचं वाद्य ओळखता येतं. छपरावरचे दोन होओ, म्हणजे फिनिक्ससारखे, पक्षीही नकला आहेत, मूळ पक्षी संग्रहालयात. आणि दोन्ही बाजूंचे ते डौलदार सज्जे इतके ठेंगणे आहेत की वरच्या मजल्यावर माणूस उभा राहू शकत नाही. ते केवळ दिसण्यासाठी आहेत. खिशातलं दहा येनचं नाणं काढून समोर धरा, हीच इमारत त्यावर आहे. निघण्यापूर्वी तळ्याच्या पलीकडून जाळीच्या मधल्या गोल झरोक्याकडे बघा. त्यातून अमिदाचा चेहरा दिसतो, आणि तो तसा दिसावा म्हणूनच झरोका तिथे आहे.

नदी ओलांडून दहा-पंधरा मिनिटांवर उजीगामी जिन्जा. लोक ब्योदो-इन बघून चहाच्या दुकानांत रमतात आणि हे राहून जातं. फुकट आहे, लहान आहे, आणि आजही उभ्या असलेल्या जपानी जिन्जा-इमारतींत सर्वांत जुनी इमारत इथे आहे: लाकडाच्या वलयांवरून तिचा काळ १०६० च्या आसपास ठरलाय. बाहेरून एकच छप्पर दिसतं. जाळीजवळ जाऊन आत डोकावलं की कळतं, एका छपराखाली तीन छोटी देवळं शेजारी शेजारी आहेत, मधलं लहान. समोरच्या हाइदेनपुढे, म्हणजे प्रार्थनागृहापुढे, वाळूचे दोन सुबक शंकू असतात, त्यांना हात लावू नका. आवारात किरिहारा-मिझु हा झरा, उजीच्या सात नामांकित पाण्यांपैकी एवढा एकच शिल्लक. एक सावधगिरी: ‘जिन्जा कधीही उघडी’ हा नियम इथे चालत नाही, संध्याकाळच्या आधीच दार लावतात.

वेळ उरला तर परतताना एक स्टेशन अलीकडे, ओबाकुला उतरा. मानपुकु-जी स्टेशनपासून पाच मिनिटांवर. १६६१ मध्ये चीनहून आलेल्या इंगेन या गुरूने स्थापलेलं, आणि अजूनही मिंग काळातल्या चीनसारखं दिसणारं. दारातच पोट सुटलेला सोनेरी होतेइ, म्हणजे आपला ‘लाफिंग बुद्ध’, हसत बसलेला, त्याच्या पाठीशी तरणाबांड इदातेन, म्हणजे स्कंद. भोजनशाळेबाहेर टांगलेला भलामोठा लाकडी मासा ठोकून वेळ सांगतात. त्याचं पोट ठोके खाऊन खोलगट झालंय, जवळ जाऊन बघा. इथलं शाकाहारी ‘फुचा’ जेवण हे शाकाहारी मंडळींसाठी येण्याचं स्वतंत्र कारण आहे, पण ते आगाऊ नोंदवावं लागतं आणि मूळ पद्धत एका टेबलाभोवती चौघांनी वाटून खायची.

चपला-बुटांचं एकदाच सांगतो. मंदिरांत ते दिवसातून सहा-सात वेळा काढावे लागतात. नाडीचे बूट घातले तर प्रत्येक वेळी मागे रांग. मोजे घाला, अगदी उन्हाळ्यातही. अनवाणी पाय आपल्याला पवित्र वाटतात, तिथे उघडा तळवा तातामी चटईवर टेकवणं बरं दिसत नाही, आणि जानेवारीत लाकडी फरशी बर्फासारखी असते. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. पाठीवरची सॅक आतल्या बाजूला पुढे घ्या, जुन्या रंगवलेल्या सरकत्या दारांना ती मागून घासते आणि आपल्याला कळतही नाही. गाभाऱ्यात फोटो बहुधा मना असतो.

गोशुइन म्हणजे देवस्थानाचा लाल शिक्का आणि वर कुंचल्याने लिहिलेलं नाव. त्यासाठी घडीची वही घ्यावी लागते, साध्या डायरीत देत नाहीत. शिक्का ३०० ते ५०० येन, रोख आणि शक्यतो सुट्टे. आधी दर्शन, मग शिक्का. वही उघडून हवं ते पान समोर करून द्या. ओली शाई समोरच्या पानावर उमटू नये म्हणून मध्ये टिपकागद देतात, तो दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका. खिडकी मंदिराच्या आधी बंद होते, त्यामुळे ‘जाताना घेऊ’ म्हणून ठेवलं की राहतंच.

उजीहून पाचच्या सुमारास परतणार असाल तर रॅपिड सोडून लोकल घ्या आणि पुन्हा इनारीला उतरा. दुकानं आवरलेली असतात, वाटेवरचे दिवे लागलेले असतात. ओकुशापर्यंत जाऊन या. त्याच्या वर जायचं असेल तर दुकटं जा आणि रानडुकरांच्या पाट्या गांभीर्याने घ्या.